सांगणे आणि विचारणे : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारेतिहासातील एक प्रकरण

वैद्यकाचा इतिहास म्हणून जे ग्रंथ आपणांस वाचावयास मिळतात ते बहुधा शोधांचे, उपकरणांचे आणि औषधांचे इतिहास असतात. भूल कोणत्या साली आली, क्ष-किरण केव्हा सापडले, अमुक शस्त्रक्रिया प्रथम कोणी केली, याच्या सनावळ्या त्यांत सहज सापडतात. परंतु डॉक्टर आणि रोगी यांच्यांत बोलणे काय झाले, कोणती गोष्ट सांगितली गेली व कोणती झाकून ठेवली गेली, प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे होता, याची नोंद क्वचितच होते. ते बोलणे चार भिंतींच्या आत होते आणि तेथेच विरून जाते.

स्तनाचा कर्करोग हा या नियमाला अपवाद आहे. ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला अशा काही स्त्रियांनी पत्रे, लेख आणि पुस्तके लिहून डॉक्टरांशी झालेले आपले बोलणे नोंदवून ठेवले. पुढे त्या बोलण्यावरून वाद माजले, कायदे झाले, आणि उपचाराचे शास्त्रही त्या बोलण्याने काही अंशी बदलले. गेल्या दोनशे वर्षांच्या या घडामोडींकडे ‘कोणी कोणाला काय सांगितले’ एवढ्याच एका दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

१

इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी ही एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी विवाह करून नेपोलियनच्या काळात पॅरिसमध्ये राहत होती. तिच्या उजव्या स्तनात गाठ होऊन वेदना सुरू झाल्या, आणि ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या घरीच तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. शस्त्र चालविणारे होते नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यचिकित्सक बॅरन लारे. भूल देण्याची विद्या त्या वेळी अस्तित्वात नव्हती. घोटभर मद्यार्क एवढाच काय तो आधार. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, १८१२ साली, आपली बहीण एस्थर हिला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात तिने हा सारा प्रसंग वर्णिला आहे. ते लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही.

त्या पत्रातील वेदनांचे वर्णन प्रसिद्ध आहे. पण त्यातील संभाषणे तितकीच लक्षणीय आहेत. सल्लागारांपैकी द्युब्वा यांनी तिला आडपडदा न ठेवता बजावले होते की यात यातना होतील आणि त्या पुष्कळ होतील. मात्र शस्त्रक्रियेचा दिवस तिला आगाऊ कळू द्यावयाचा नाही, असेही डॉक्टरांनी ठरविले होते. त्या दिवशी सकाळी, अवघे काही तास आधी, तिला सूचना मिळाली. तिनेही आपल्या पतीला युक्तीने घराबाहेर ठेवले. काळ्या पोशाखातील सात पुरुष खोलीत शिरले. तिच्या तोंडावर टाकलेला तलम रुमाल पारदर्शक होता. त्यातून तिला दिसले की, हवेत एक उभी रेघ, एक फुली आणि एक वर्तुळ अशी खूण बोटाने केली जात आहे. संपूर्ण स्तन काढावयाचा असा त्याचा अर्थ होता. ती उठून बसली आणि आपले दुखणे एका बिंदूपासून सुरू होते हे तिने त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, तिला पुन्हा निजविले, आणि पुन्हा तीच खूण केली.

शस्त्रक्रिया सुमारे वीस मिनिटे चालली. बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली आणि १८४० साली वारली.

या प्रसंगात पुढच्या दीड शतकाचे जवळजवळ सर्व प्रश्न आले आहेत. सत्य सांगणारा एक डॉक्टर, तारीख लपविणारे सगळे डॉक्टर, नातलगाला काय कळावे याचा निर्णय, आणि किती कापावे हे आपसांत खुणेने ठरविणारे तज्ज्ञ. एक गोष्ट मात्र पुढे उरली नाही. बर्नी जागी होती. त्यामुळे शेवटच्या क्षणीसुद्धा तिला बोलता आले. तिचे म्हणणे मान्य झाले नाही, पण ते ऐकले गेले. १८४६ साली ईथरची भूल प्रचारात आली आणि त्या अघोर यातना संपल्या. हा मानवजातीवर झालेला मोठाच उपकार होय. तथापि त्याच भुलेने रोगिणीचा आवाजही त्या खोलीतून काढून घेतला, आणि त्याचे परिणाम दिसून येण्यास बराच काळ जावा लागला.

२

विल्यम हॉल्स्टेड हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक. स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा, पन्नास रोगिणींचा वृत्तांत त्यांनी १८९४ साली प्रसिद्ध केला. कर्करोग एका केंद्रापासून हळूहळू, क्रमाक्रमाने आसपास पसरतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी हे सर्व एकसंध काढून टाकले म्हणजे रोगाचे मूळ उखडले जाईल, हे तर्कशुद्धच होते. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यांच्या हातून खरोखरच पुष्कळ घटले. ज्या काळी या रोगाच्या स्त्रिया डॉक्टरांकडे येत त्या मुळी मोठमोठ्या, व्रण पडलेल्या गाठी घेऊन, त्या काळी हा केवढा आधार वाटला असेल याची कल्पना करता येते. म्हणून हॉल्स्टेड यांना निर्दय ठरविणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु या शस्त्रक्रियेने छाती खोल जाई, कातडीखाली फासळ्या दिसू लागत, आणि कित्येकींचा हात कायमचा सुजे. त्यात आणखी एका सोयीची भर पडली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ साली गाठीचा तुकडा गोठवून, रंगवून, काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत सिद्ध केली. रोगिणी भुलेखाली असतानाच निदान होऊ लागले. गाठ साधी निघाली तर टाके घालावयाचे. कर्करोगाची निघाली तर त्याच भुलेत स्तन काढून टाकावयाचा. अमेरिकेत हीच रूढ पद्धत बनली. ‘तपासणी, आणि आवश्यक वाटल्यास पुढील शस्त्रक्रिया’ अशा आशयाच्या कागदावर स्त्रीने आधीच सही केलेली असे. शुद्धीवर आल्यावर हात छातीकडे नेऊन, तेथे बांधलेल्या पट्ट्या चाचपूनच तिला आपले निदान कळे.

या पद्धतीमागेही कारणे होती. मध्ये दिवस गेले तर रोग पसरेल अशी भीती होती. दोनदा भूल देण्यात धोका होता. आणि ‘कर्करोग’ हा शब्द ऐकून रात्री तळमळत काढण्यापेक्षा सारे एकदाच उरकलेले बरे, ही दयाबुद्धीही होती. पण परिणाम असा झाला की निदान आणि उपचार यांच्यामध्ये बोलण्यास जागाच राहिली नाही. प्रश्न विचारावयाचा तर तो कधी विचारावा? आधी विचारला तर निदान व्हावयाचे आहे. नंतर विचारला तर सर्व होऊन गेले आहे.

झाल्यानंतरच्या प्रश्नांनाही उत्तरे मिळत नसत. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईंची अशी शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा वर कसा न्यावा, कपडे कसे घालावे, पतीशी कसे बोलावे, यांपैकी काहीच त्यांना कोणी सांगितले नाही. मग त्या स्वतःच रुग्णालयातून अशा इतर स्त्रियांना भेटू लागल्या. त्यांच्या या कार्यास ‘रीच टु रिकव्हरी’ असे नाव मिळाले आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले. लॅसरबाईंनी शस्त्रक्रियेविषयी शंका घेतली नाही. पण ज्या गोष्टी डॉक्टर बोलत नाहीत त्या रोगिणींनी एकमेकींशी बोलाव्या, ही प्रथा त्यांनी पाडली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली.

३

१९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांची मते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोग्यास कर्करोगाचे निदान सांगावे काय, असा प्रश्न २१९ डॉक्टरांना विचारला होता. सुमारे नव्वद टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. ‘गाठ’, ‘सूज’, ‘पेशींत थोडासा फरक’ अशा शब्दांवर वेळ मारून नेली जाई.

या रीतीचा फटका कोणास बसावा? १९६० च्या वसंतात रॅचेल कार्सन या विज्ञानलेखिकेची न्यूयॉर्कमध्ये स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती काय, असे त्यांनी स्पष्ट विचारले. कर्करोगाच्या सीमेवर असलेली अवस्था आहे, एवढेच उत्तर त्यांना मिळाले, आणि पुढील उपचार काही सुचविले गेले नाहीत. असे निदान त्या काळी पुष्कळदा पतीच्या कानावर घालीत. कार्सन अविवाहित होत्या. वर्षाच्या अखेरीस नवी गाठ दिसल्यावर त्या क्लीव्हलंड येथे जॉर्ज क्राइल या शल्यचिकित्सकांकडे गेल्या, तेव्हा त्यांना खरे समजले. सत्य सांगितल्याबद्दल त्यांनी क्राइल यांना आभाराचे पत्र लिहिले. त्याच काळात त्या कीटकनाशकांवरील आपला ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ लिहीत होत्या. आपल्या अन्नपाण्यात काय मिसळले जात आहे हे जाणून घेण्याचा जनतेला अधिकार आहे, हे त्या ग्रंथाचे सांगणे. तो १९६२ साली निघाला, आणि १४ एप्रिल १९६४ रोजी त्या निवर्तल्या. आपल्या रोगाचे वृत्त मात्र त्यांनी मोजक्या स्नेह्यांपलीकडे जाऊ दिले नाही. टीकाकार त्याचा उपयोग करून ग्रंथाच्या निःपक्षपातीपणावर शिंतोडे उडवितील अशी त्यांना धास्ती होती. डॉक्टरांच्या मौनाला अशी समाजभयाने लादलेली मौनाची दुसरी बाजूही होती.

न सांगणारे डॉक्टर खोटे बोलण्यात आनंद मानीत होते असे नव्हे. आशा हे औषध आहे आणि ते हिरावून घेऊ नये, ही वैद्यकाची फार जुनी शिकवण. ज्या काळी सांगण्यासारखा उपायच नव्हता त्या काळी तीत काही अर्थही असेल. पण उपाय एकाहून अधिक झाले की न सांगणे म्हणजे केवळ आशा राखणे राहत नाही; त्या मौनात निवडही परस्पर होऊन जाते. कार्सन यांच्या बाबतीत हेच झाले. पहिल्या आठ-नऊ महिन्यांत त्यांनी कोणता उपचार घ्यावा हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही.

१९७९ साली तशीच प्रश्नावली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील डॉक्टरांपुढे ठेवण्यात आली, तेव्हा सत्तयाण्णव टक्के डॉक्टरांनी सांगावे या बाजूने कौल दिला. अठरा वर्षांत एका व्यवसायाचे मत असे पार उलटल्याची उदाहरणे थोडी सापडतात. हे कसे घडले?

४

एक तर हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेविषयी व्यवसायाच्या आतूनच शंका निघाल्या होत्या. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स हे १९२० नंतरच्या दशकात रेडियमच्या सुया वापरून लहान शस्त्रक्रियेवर भागवू लागले होते आणि १९३७ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वर उल्लेखिलेले क्राइल यांनी मोठी शस्त्रक्रिया सोडून दिली आणि तसे जाहीरपणे लिहिले. सहव्यावसायिकांचा रोषही पत्करला. डॉक्टरांचा वाद लोकांपुढे मांडू नये हा संकेत त्यांनी मोडला होता.

दुसरे म्हणजे स्त्रिया बोलू लागल्या. बॅबेट रॉसमंड या लेखिका व संपादिका यांना १९७१ साली गाठ लागली. तपासणी व शस्त्रक्रिया एकाच भुलेत करण्यास त्यांनी नकार दिला, निदान समजल्यावर चौकशी केली, आणि क्राइल यांच्याकडून केवळ गाठ व तिच्या भोवतालचा भाग काढून घेतला. १९७२ साली त्यांनी टोपणनावाने यावर लेख व पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बालपणी चित्रपटांत गाजलेल्या शर्ली टेंपल ब्लॅक यांनी रुग्णालयातूनच वार्ताहरांना बोलावून आपले निदान सांगितले. प्रथम तपासणी, मग विचार, मग शस्त्रक्रिया हा क्रम त्यांनी आग्रहाने धरला होता. छेद घेणे डॉक्टरांचे काम असले तरी निर्णय आपला, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात गाठ आढळली. २८ सप्टेंबर रोजी बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात त्यांची तपासणी व मोठी शस्त्रक्रिया एकाच भुलेत झाली. त्यांनी हे वृत्त लपविले नाही. परिणामी हजारो स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या आणि निदानांची संख्या काही काळ एकदम वाढली. या उघडपणाचे मोल मोठे आहे.

त्याच वेळी मेरीलंडमध्ये राहणाऱ्या रोझ कुशनर नावाच्या एका पत्रकार बाईंची दूरध्वनीवर धडपड चालू होती. काही महिन्यांपूर्वी त्यांना स्वतःला गाठ आढळली होती. केवळ तुकडा काढून तपासा, पुढचे मी नंतर ठरवीन, एवढीच त्यांची अट; पण ती मान्य करणारा शल्यचिकित्सक मिळेपर्यंत त्यांना दीड डझनाच्या आसपास नकार ऐकावे लागले. निदान कर्करोगाचे निघाल्यावर त्यांनी ग्रंथालयात बसून वैद्यकीय नियतकालिके वाचली आणि छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी जाऊन करून घेतली. फोर्डबाईंनाही दोन टप्प्यांची कल्पना कोणीतरी द्यावी म्हणून त्यांनी व्हाइट हाउसशी संपर्क साधला. अध्यक्षांनी आपला निर्णय घेतला आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. स्तन कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हा प्रश्न कुशनर यांनी त्यानंतर आयुष्यभर सोडला नाही.

१९७५ साली त्यांचे पुस्तक निघाले. परिषदांमध्ये उठून त्या प्रश्न विचारीत, आणि डॉक्टरमंडळी त्यांची हुर्यो करीत असे प्रसंगही आले. पण जून १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने बेथेस्डा येथे स्तनाच्या कर्करोगाच्या प्राथमिक उपचारावर तज्ज्ञांची परिषद भरविली, तेव्हा निर्णयमंडळात डॉक्टर नसलेल्या सभासद म्हणून कुशनर बसल्या होत्या. छातीचे स्नायू काढणारी हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया ही यापुढे ठरीव पद्धत मानू नये, आणि तपासणी व उपचार हे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत दोन वेगळे टप्पे असावेत, असा त्या मंडळाचा अभिप्राय पडला. मध्ये गेलेल्या काही दिवसांनी रोग पसरत नाही, हेही तोवर ध्यानात आले होते. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून, स्तनाच्या कर्करोगाच्या रोगिणीस उपलब्ध पर्यायांची माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. पुढील काही वर्षांत अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. कुशनर १९९० साली त्याच रोगाने निवर्तल्या.

५

येथवरची कथा धीट स्त्रियांनी हेकट डॉक्टरांवर मिळविलेल्या विजयाची वाटेल. ती इतकी सरळ नाही. कुशनर किंवा क्राइल यांचे म्हणणे खरे कशावरून? लहान शस्त्रक्रियेने भागते हे सिद्ध कोणी केले? हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया जवळजवळ ऐंशी वर्षे चालली ती तुलनात्मक पुराव्यावाचून. तिला केवळ दुसऱ्या मताने बाजूस सारणे तितकेच चूक ठरले असते.

पुरावा मिळविण्याचे काम पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी अंगावर घेतले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली सुरू झालेल्या चाचणीत सोळाशेहून अधिक स्त्रियांना यदृच्छेने निरनिराळ्या उपचारांच्या गटांत विभागण्यात आले. स्नायू काढलेल्या व न काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. पंचवीस वर्षांनंतरही आढळला नाही. १९७६ साली त्यांनी दुसरी चाचणी आरंभिली. संपूर्ण स्तन काढणे, केवळ गाठ काढणे, आणि गाठ काढून किरणोपचार करणे, असे तीन गट. इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून सातशे एक स्त्रियांवर असाच अभ्यास चालविला होता व १९८१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिशर यांचे निष्कर्ष १९८५ साली आले. स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया, स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हे दोन्ही चाचण्यांतून दिसले.

पण या दुसऱ्या चाचणीत स्त्रिया मिळेनात. याचे कारण शोधता एक विलक्षण गोष्ट उघड झाली. पात्र रोगिणींना चाचणीत का घातले नाही, असे शल्यचिकित्सकांना विचारले असता, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, ७३ टक्क्यांनी डॉक्टर-रोगी संबंध बिघडण्याची भीती, ३८ टक्क्यांनी संमती मिळविण्यातील अडचण, आणि २२ टक्क्यांनी अनिश्चिततेविषयी उघड चर्चेची नावड ही कारणे दिली. यदृच्छेने विभागणी करावयाची म्हणजे ‘या दोहोंतील कोणता उपाय चांगला हे मला ठाऊक नाही’ असे रोगिणीच्या तोंडावर सांगणे भाग होते. ज्याने जन्मभर खात्रीने बोलावयाचे व्रत पाळले त्याला हे वाक्य उच्चारणे सर्वांत जड गेले. अखेर क्रम उलटा केला गेला. आधी चिठ्ठीने गट ठरवावयाचा, आणि मग त्या स्त्रीला तो उपचार, इतर पर्याय व चाचणीचा हेतू सांगून संमती विचारावयाची. यानंतर भरती अनेक पटींनी वाढली. डॉक्टरांची जीभ सुटावी म्हणून संख्याशास्त्राला अशी तडजोड करावी लागली. तिच्या नैतिकतेवर पुष्कळ टीका झाली आणि ती वावगी नव्हती.

स्तन राखण्याच्या उपचाराचा पुरावा इतक्या उशिरा का मिळाला, याची शास्त्रीय कारणे पुष्कळ देता येतील. त्यांत हेही एक धरले पाहिजे की, जोपर्यंत रोगिणीशी अनिश्चिततेविषयी बोलणे निषिद्ध होते, तोपर्यंत अशी चाचणी करणेच अशक्य होते.

या चाचणीला पुढे एक कटू उपकथा जोडली गेली. मॉन्ट्रियल येथील एका सहभागी शल्यचिकित्सकाने काही रोगिणींच्या पात्रतेच्या नोंदी खोट्या केल्या होत्या. चाचणीच्या चालकांना ते १९९० च्या सुमारास आढळले. पण सामान्य स्त्रियांना ते कळले मार्च १९९४ मध्ये, आणि तेही एका वृत्तपत्रातून. त्या नोंदी वगळून पुन्हा हिशेब केला असता निष्कर्ष अबाधित राहिला. तरी या काळात ज्या स्त्रियांनी या पुराव्यावर विसंबून स्तन राखला होता त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल हे सांगावयास नको. शास्त्र शाबूत होते. सांगण्यात मात्र पुन्हा एकदा कुचराई झाली होती.

६

आपल्या देशात हा इतिहास वेगळ्या वाटेने आला आहे. मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि देशाच्या सर्व भागांतून रोगी तेथे येऊ लागले. कायद्याच्या बाबतीत महत्त्वाचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ मधील निर्णय. तो खटला कर्करोगाचा नव्हता, पण वस्तुस्थिती कुशनर यांच्या भीतीशी तंतोतंत जुळणारी होती. एका प्रौढ स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने स्पष्ट केले की, निदानास दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. आणि प्राणावरचे संकट नसताना, सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या ऐवजी नातलगाची संमती चालत नाही.

न्यायालयाचा हा निर्णय आपल्या कुटुंबरीतीच्या अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. आपल्याकडे डॉक्टरांशी बोलतो तो मुलगा, पती, दीर किंवा शिकलेला भाचा. ‘आईला काही सांगू नका, ती खचेल,’ हे वाक्य आपल्या घरांत नवे नाही. त्यात माया असते यात संशय नाही. परंतु जिच्या शरीराविषयी बोलणे चालले आहे ती बाहेरच्या बाकावर बसलेली असते, आणि घरच्यांच्या चेहऱ्यांवरून जे ओळखावयाचे ते ओळखून चुकलेली असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींत यात भाषेची आणखी भर पडते. घरात मराठी बोलणाऱ्या वृद्धेला रुग्णालयात हिंदी, बंगाली किंवा तेलुगू भाषेत, तेही इंग्रजी संज्ञांनी भरलेले, काही सांगितले जाते. मधला दुभाषा जेवढे उचित वाटते तेवढेच पुढे पोचवितो. लाजेपोटी स्तन हा शब्दही तोंडातून निघत नाही. ‘छातीत दुखते’ एवढ्यावर भागविले जाते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष हृदयाकडे जाते.

बोलण्याची ही वाट केवळ तज्ज्ञानेच उघडावी असे नाही, हे मुंबईतील एका प्रदीर्घ प्रयोगाने दाखविले आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. शिक्षण देऊन तयार केलेल्या आरोग्यसेविका वस्तीवस्तीत स्त्रियांना रोगाची माहिती देत आणि दोन-दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. एकंदर स्त्रियांत मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ती सुमारे तीस टक्के भरली. येथे क्ष-किरणयंत्र नव्हते. ओळखीच्या भाषेत बोलणारी एक बाई आणि तिचे शिकलेले हात होते.

७

सर्व काही सांगून निर्णय रोगिणीच्या पदरात टाकला म्हणजे डॉक्टर मोकळे झाले काय? असा अर्थ घेतला तर मौनाची जागा उपेक्षेने घेतली असे होईल. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली २६९ स्त्रियांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्तन राखला की काढला, यावर नंतरची चिंता व खिन्नता अवलंबून नव्हती. शक्य तेथे निवड देणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या रोगिणी तुलनेने बऱ्या मनःस्थितीत होत्या. आणि ज्यांना वैद्यकीय कारणाने निवड देताच आली नाही, त्यांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. यावरून असे दिसते की स्त्रीला हवी असते ती केवळ दोन पर्यायांची यादी नव्हे. आपल्याशी बोलणारा, थांबणारा, आपले म्हणणे विचारात घेणारा माणूस तिला हवा असतो.

हे बोलणे शिकविताही येते. कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दुःखद वार्ता सांगण्याची सहा पायऱ्यांची रीत मांडली. बसण्यास निवांत जागा पाहावी. रोग्याला आधी काय ठाऊक आहे हे विचारावे. किती जाणून घ्यावयाचे आहे हेही विचारावे. मग साध्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे. त्याच्या भावनेला वाव द्यावा. आणि शेवटी पुढे काय करावयाचे ते मिळून ठरवावे. या पायऱ्यांत निम्मे सांगणे आहे आणि निम्मे विचारणे. ज्या रोगिणीला तपशील नको असेल तिची ती इच्छाही मानावयाची आहे. पण ती इच्छा तिच्याच तोंडून आली पाहिजे, भाच्याच्या नव्हे.

आज निदान बहुधा सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावरून, शस्त्रक्रियेच्या कित्येक दिवस आधीच होते. गाठ कोणत्या प्रकारची, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे काय, औषधे आधी द्यावयाची की शस्त्रक्रिया आधी, स्तन राखता येईल काय, काखेतील सर्व ग्रंथी काढाव्या लागतील की एक-दोन तपासून भागेल, किरणोपचारासाठी किती दिवस परगावी राहावे लागेल, खर्च किती येईल, या प्रश्नांना आता उत्तरे आहेत आणि ती विचारण्यास वेळही आहे. हा वेळ आपोआप मिळालेला नाही. फॅनी बर्नीला तो काही तासांचा मिळाला, हॉल्स्टेड यांच्या पद्धतीने उपचार झालेल्या लक्षावधी स्त्रियांना मुळीच मिळाला नाही, आणि रोझ कुशनर यांना तो एकामागून एक नकार ऐकत मिळवावा लागला.

तेव्हा ज्या घरात हा प्रसंग येईल तेथे निदानाचा कागद प्रथम जिचा आहे तिच्या हाती द्यावा, तिला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवावे, आणि बरोबरच्या माणसाने तिचे प्रश्न तिच्या भाषेतून डॉक्टरांच्या भाषेत व उत्तरे परत तिच्या भाषेत, काहीही न गाळता, पोचवावीत. एवढे काम कोणत्याही भाच्याला जमण्यासारखे आहे.